ऊन पडलंय, मग शर्यत रद्द का?

अमेरिकेतल्या आयोवा राज्यात नॉक्सव्हिल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जत्रेच्या मैदानात काळ्या चिकण मातीचा अर्ध्या मैलाचा लंबगोल ट्रॅक आहे. हंगामात शनिवारी रात्री त्यावर स्प्रिंट कार धावतात. ऑगस्टमध्ये होणारी ‘नॉक्सव्हिल नॅशनल्स’ ही स्पर्धा 1961 मध्ये सुरू झाली. असे मातीचे ट्रॅक त्या देशात शेकडो आहेत आणि त्यांच्या प्रेक्षकांची तक्रार सगळीकडे एकच असते: चार वाजता लख्ख ऊन होतं, तरी रेस रद्द केली! आयोजक घाबरट आहेत.

पाऊस उघडला म्हणून आपल्याकडे कोणी लगेच औत धरत नाही. वाफसा यायची वाट बघतात. ट्रॅकचंही तसंच. चिकण मातीचे कण अतिशय बारीक असतात, पाणी एकदा आत शिरलं की सहजी सोडत नाहीत. वरचा पापुद्रा उन्हानं सुकतो, चालून पाहिलं तर कडकही लागतो; खाली मात्र ओल तशीच असते. स्प्रिंट कारचं इंजिन सुमारे 900 अश्वशक्तीचं आणि गाडीचं वजन चालकासकट साधारण 650 किलो. एवढ्या जोरानं फिरणारी मागची चाकं तो पापुद्रा दोन फेऱ्यांत उचकटतात आणि खोल चाकोऱ्या पडतात. गाडी आडवी घसरत वळण घेत असताना उघडं चाक अशा चाकोरीत अडकलं, की ती उलटते. शिवाय या गाड्यांना स्टार्टर नसतो, ट्रकनं ढकलूनच त्या सुरू कराव्या लागतात. चिखलात ढकलणाऱ्या ट्रकचीच चाकं जागच्या जागी फिरू लागली, तर पुढचं सगळंच खोळंबतं.

‘पण शर्यतीआधी हेच लोक टँकरनं पाणी मारतात ना?’ हा प्रश्न रास्त आहे. पाणी मारावंच लागतं, नाहीतर धूळ उडते, माती निसरडी होते आणि चाकांना पकड मिळत नाही. फरक आहे तो प्रमाणाचा आणि वेळेचा. हिशेब करून बघा. अर्धा मैल म्हणजे साधारण 800 मीटर. ट्रॅकची रुंदी 20 मीटर धरली, तर क्षेत्र झालं 16,000 चौरस मीटर. त्यावर नुसता पाच मिलिमीटर पाऊस पडला, तरी 80,000 लिटर पाणी झालं. आपल्याकडच्या दहा हजार लिटरच्या टँकरांच्या भाषेत आठ टँकर, तेही पाणी मारून झाल्यावर! टँकरवाला कुठे किती मारायचं ते बघून मारतो, मग पाणी मुरू देतो, गाड्या हळूहळू फिरवून माती दाबून घेतो. पावसाला असा हिशेब कुठून असणार?

म्हणून जाणते आयोजक रात्री पाऊस येणार म्हटलं, की ट्रॅक उकरून ठेवत नाहीत. रोलर फिरवून पृष्ठभाग दाबून बंद करतात, म्हणजे पाणी उतारावरून वाहून जातं. दाबलेला ट्रॅक बराच पाऊस सोसतो. नेमक्या नांगरलेल्या ट्रॅकवर हलकी सर आली, तरी दिवस वाया जाऊ शकतो. एकाच संध्याकाळी शेजारच्या दोन गावांपैकी एकीकडे रेस होते आणि दुसरीकडे होत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं. वारा किती आहे, हवा किती दमट आहे, यानंही फरक पडतो. पार्किंगचं गवताळ मैदान तर लोक विसरतातच. ट्रॅक सुकला, पण प्रेक्षकांच्या गाड्या चिखलात रुतल्या, तरी उपयोग नाही.

फॉर्म्युला वन पावसात धावते, मग हे का नाही, असंही विचारतात. डांबरावर टायरच्या खाचा पाणी बाजूला फेकतात; पूर्ण पावसाळी टायर ताशी 300 किलोमीटर वेगाला सेकंदाला सुमारे 85 लिटर पाणी फेकतो. मातीत पाणी चाकाखालून हटवून भागत नाही, कारण ते रस्त्याच्याच पोटात असतं. टेनेसीमधल्या ब्रिस्टल इथे हे 2021 च्या मार्चमध्ये दिसलं. नॅसकार या मोटार शर्यती भरवणाऱ्या संस्थेनं तिथल्या काँक्रीटच्या ट्रॅकवर माती पसरली होती. तिच्या मुख्य ‘कप’ मालिकेची 1970 नंतरची मातीवरची ती पहिलीच शर्यत. शनिवारी नॅसकारच्याच ट्रक-शर्यतीच्या पात्रता फेऱ्या सुरू होताच त्या ट्रकांच्या काचा चिखलानं लिंपल्या गेल्या आणि फेऱ्या रद्द झाल्या. रविवारी पावसानं शर्यतच सोमवारवर ढकलावी लागली. सोमवारी जोई लोगानो जिंकला, पण तोवर इतकी धूळ उडू लागली होती, की गाड्यांना दिसावं म्हणून फेरसुरुवात दोनऐवजी एका रांगेत करावी लागली. दोन दिवसांत चिखल ते धूळ! पैशानं गब्बर संस्थेची ही अवस्था, तर गावच्या ट्रॅकचं काय सांगावं.

अंदाजाबद्दल थोडक्यात. अमेरिकी हवामान खात्याचा ‘40 टक्के पाऊस’ म्हणजे दिवसाच्या 40 टक्के वेळ पाऊस नव्हे. दिलेल्या काळात त्या भागातल्या एखाद्या ठिकाणी किमान 0.01 इंच, म्हणजे जेमतेम पाव मिलिमीटर पडण्याची ती शक्यता. किती पडेल, हे तो आकडा सांगतच नाही. आणि वीज कडाडली, तर ट्रॅक कोरडा असूनही सगळं थांबतं; शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं थांबायचं, असा तिथला सर्वमान्य नियम आहे.

रद्द करण्यात आयोजकाचा फायदा असतो, हा समज मात्र साफ चुकीचा. प्रवेशाचे पैसे बुडतात, खाण्याचे स्टॉल बुडतात, मागवलेला माल पडून राहतो. निर्णय लवकर घ्यावा, तर ऊन पडून शिव्या बसतात. उशिरा घ्यावा, तर शेकडो किलोमीटरवरून गाड्या ओढत आलेले संघ चिडतात. जमीन आधीच भिजून गच्च असेल, तर सकाळीच सांगून मोकळं होणारा आयोजक मला जास्त भला वाटतो.

प्रेक्षकांची खरी तक्रार असायला हवी ती तिकिटाच्या नियमाबद्दल. बऱ्याच ठिकाणी पात्रता फेऱ्या पूर्ण झाल्या, की कार्यक्रम ‘झाला’ असं धरतात आणि त्यानंतर पाऊस आला तर पैसे परत मिळत नाहीत. ही रेषा प्रत्येक ट्रॅकवर वेगळी असते. तेव्हा तिकीट काढण्याआधी ती कुठे आहे ते विचारा आणि तिकिटाचा अर्धा भाग घरी पोचेपर्यंत फेकू नका.