खिशातले संगीत आणि यंत्रांचे विलीनीकरण (लेखांक सातवा)

मागील लेखांकात फीतमुद्रणाची हकीकत आपण १९६३ साली फिलिप्स कंपनीने बाजारात आणलेल्या कॅसेटपर्यंत आणून सोडली होती. कॅसेट खिशात मावत होती; ती वाजविणारे यंत्र मात्र मावत नव्हते. ते खिशात शिरावे म्हणून कारागिरांनी पुढे जे केले त्यात भर थोडी आणि काटछाट फार होती.

सोनी कंपनीपाशी वार्ताहरांच्या कामाचा 'प्रेसमन' नावाचा लहानसा ध्वनिमुद्रक तयारच होता. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकण्याची हौस होती. त्यांच्या सांगण्यावरून त्या यंत्रातील मुद्रणाची व्यवस्था आणि कर्णा ही दोन्ही बरखास्त झाली, स्टीरिओ ध्वनीची सोय आली आणि सोबत वजनाने हलका असा हेडफोन देण्यात आला. मुद्रण न करणारा टेपरेकॉर्डर घेणार कोण, ही शंका कंपनीतल्याच पुष्कळांनी काढली. तथापि कंपनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनी मामला नेटाने पुढे रेटला, आणि १ जुलै १९७९ रोजी ३३,००० येन किमतीचा वॉकमन जपानात विक्रीस आला. पहिल्या महिन्यात जेमतेम ३,००० नग खपले; ऑगस्ट सरता सरता ३०,००० नगांचा पहिला साठा संपुष्टात आला. त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन जोडण्याच्या दोन जागा होत्या, आणि एक नारिंगी कळ होती. ती दाबली की संगीत मंद होऊन अंगच्याच मायक्रोफोनमधून शेजारच्याचे बोलणे कानी येई. एकट्यानेच कान झाकून बसणे असभ्यपणाचे दिसेल, या धास्तीने केलेली ही तजवीज! लोकांना एकांतच हवा होता, हे लवकरच उघड झाले, आणि कालांतराने ती कळही गेली.

आपल्याकडील घरांत मान होता तो टू-इन-वनला. रेडिओ आणि टेप एकाच पेटीत असल्यामुळे विविध भारतीवर मनाजोगते गाणे लागताच रेकॉर्ड आणि प्ले या दोन कळा एकदम दाबाव्या, आणि गाणे संपण्यापूर्वीच निवेदकाने तोंड उघडले तर त्याचे ते अर्धे वाक्य जन्मभर त्या फितीवर नांदत राहावे, असा प्रकार असे. पण याला विलीनीकरण म्हणणे मला रास्त वाटत नाही. कर्णा, ध्वनिवर्धक आणि वीजपुरवठा एवढेच काय ते सामायिक. बाकी लहरी पकडणारी यंत्रणा निराळी आणि फीत फिरविणारी मोटर निराळी. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहत होती, इतकेच.

खरा फेरफार झाला तो ध्वनीचे अंकांत रूपांतर झाल्यावर. कॉम्पॅक्ट डिस्कवर एका सेकंदाच्या ध्वनीची ४४,१०० मोजमापे घेतली जातात, प्रत्येक मोजमाप सोळा बिटांचे आणि डाव्या-उजव्या कानांसाठी दोन वेगळ्या मालिका. म्हणजे सेकंदास १४ लाखांहून अधिक बिट. एवढा पसारा लहान यंत्रात साठविणे त्या काळी परवडणारे नव्हते. जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी श्रवणशास्त्राचा असा आधार घेतला, की मोठ्या आवाजाच्या लगतचा बारीक आवाज आपल्या कानाला ऐकूच येत नाही, तेव्हा जे ऐकू येत नाही त्याची नोंद तरी कशाला ठेवावी? या काटकसरीने गाणे सुमारे अकराव्या हिश्शात बसू लागले, आणि १९९५ साली अशा फायलींना एमपी३ हे नाव मिळाले.

१९९८ साली अमेरिकेत डायमंड कंपनीचा 'रिओ' निघाला. त्याची स्मृती अवघी ३२ मेगाबाइट, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचे गाणे. तरी ध्वनिमुद्रिका कंपन्यांच्या संघाने त्यावर फिर्याद गुदरली, आणि १९९९ साली अपील न्यायालयात ती फेटाळली गेली. वाट मोकळी झाली. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने तोशिबाच्या १.८ इंची हार्ड डिस्कभोवती रचलेला, हजार गाणी मावणारा आयपॉड दाखविला.

मात्र सगळे अंकच झाले तरी यंत्रे आपोआप एक होत नाहीत, कारण त्यांच्या मालकांचे हितसंबंध आड येतात. सप्टेंबर २००५ मध्ये मोटोरोला आणि ॲपल यांनी मिळून 'रॉकर' नावाचा गाणारा फोन काढला. त्यात जागा कितीही असली तरी शंभरावर गाणी घालता येणार नाहीत, असा निर्बंध होता, आणि त्याच समारंभात ॲपलने स्वतःचा नाजूक आयपॉड नॅनो पुढे केला. अशा करारनाम्यातून सकस अपत्य कोठून निपजणार? जानेवारी २००७ मध्ये आयफोन सादर झाला तेव्हा संगीत, दूरध्वनी आणि इंटरनेट यांना एकच पडदा, एकच बॅटरी आणि एकच स्मृती मिळाली, आणि आपल्याच आयपॉडचा खप बुडविण्याची तयारी ॲपलने दाखविली. २००८ च्या आर्थिक वर्षात ५ कोटी ४८ लाख आयपॉड विकले गेले. त्यानंतर आकडा उतरतच गेला.

आपल्याकडे या क्रांतीचा अंमल अधिक स्वस्त मार्गाने बसला. मोबाइलच्या दुकानात थोड्या पैशांत मेमरी कार्डात गाणी भरून मिळत, आणि साध्या फोनवर एफएम ऐकायचे तर इअरफोनची तार खोचावीच लागे, कारण ती तारच अँटेनाचे काम करी.

या विलीनीकरणाचा मी निःशंक चाहता नाही. वॉकमनची कळ खिशात हात घालून, न पाहता दाबता येत असे. गुळगुळीत काचेवर तशी सोय नाही, आणि बॅटरी संपली की गाण्याबरोबर निरोपाचे साधनही जाते. १० मे २०२२ रोजी ॲपलने शेवटचा आयपॉड शिल्लक साठा संपेपर्यंतच विकण्याचे जाहीर केले. छायाचित्रयंत्र या फोनमध्ये कसे दाखल झाले, ते पुढील लेखांकी पाहू.