वाडगं भरताना – लेखांक ११ : मुडदूस, कोवळं ऊन आणि दूध-पोळी

कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटामागचा बारीक मजकूर कसा वाचायचा, हे या आठवड्यात सांगायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या रविवारी. साताऱ्याहून एक पत्र आलं आहे आणि त्यातला प्रश्न आठवडाभरही लांबवण्यासारखा नाही.

पत्र एका निवृत्त शिक्षकांचं. घर शाकाहारी. नातीच्या हट्टाखातर लॅब्राडॉरचं पिल्लू आणलं, ते आता साडेतीन महिन्यांचं झालंय. दिवसातून तीन वेळा गाईच्या दुधात कुस्करलेली पोळी, वाडगं चाटूनपुसून साफ. रोज सकाळी तासभर अंगणात कोवळ्या उन्हात बसवतात, कारण नातही तान्ही असताना तेल लावून अशीच उन्हात ठेवलेली होती. एवढं करूनही पिल्लाचे पुढचे पाय धनुकलीसारखे वाकू लागलेत. काका विचारतात : ऊन कमी पडतंय का? दोन तास बसवू का? आणि शेजाऱ्यांनी सांगितलेलं कॅल्शियमचं सिरप सुरू करू का?

काका, आधी उत्तर. ऊन वाढवून उपयोग होणार नाही. सिरप स्वतःच्या मनाने सुरू करू नका. आणि पिल्लाला उद्याच पशुवैद्याकडे नेऊन पुढच्या पायांचा एक्स-रे काढून घ्या. लॅब्राडॉरसारख्या जातीचं हाड सात-आठ महिन्यांपर्यंत झपाट्याने वाढत असतं. आत्ता खाणं सुधारलं तर वाकलेलं बरंचसं सरळ होऊ शकतं. वाढ थांबल्यावर तीच संधी उरत नाही.

आता कारण. आणि ते सांगायचं तर शंभर वर्षं मागे लंडनला जावं लागेल, कारण तुमच्या अंगणात जे चाललंय ते तिथे एका प्रयोगशाळेत मुद्दाम घडवून आणलेलं आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या धुरकट औद्योगिक शहरांत मुलांना मुडदूस फार व्हायचा. पाय वाकडे, मनगटं सुजलेली, छातीचा पिंजरा चेपलेला. कारणावरून डॉक्टरांत दोन तट. ग्लासगोचे लेनर्ड फिंडले यांनी १९०८ मध्ये कुत्र्याची पिल्लं कोंडून ठेवून प्रयोग केले आणि सांगितलं, दोष कोंदट राहणीचा आणि व्यायाम नसण्याचा आहे. लंडनमध्ये एडवर्ड मेलनबी यांना हे पटेना. त्यांना संशय होता खाण्यावर. पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांनी कुत्र्याची पिल्लं वाढवली ती दूध आणि पाव, दूध आणि ओटचं पीठ, दूध आणि भात अशा साध्या, पोटभर खाण्यावर. पिल्लं उपाशी नव्हती. वजनही वाढत होतं. पण काही आठवड्यांतच पाय वाकू लागले, आणि जी पिल्लं जास्त गुटगुटीत होती त्यांचे आधी. मग त्यांनी त्याच खाण्यात कॉड माशाच्या यकृताचं तेल मिसळलं. तेल मिळालेल्या पिल्लांना मुडदूस झाला नाही. १९१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे प्रसिद्ध झालं.

मेलनबींना वाटलं होतं की तेलातलं अ जीवनसत्त्व हे काम करतं. १९२२ मध्ये अमेरिकेत एल्मर मॅकॉलम यांनी ते तेल तापवून, त्यातून हवा सोडून अ जीवनसत्त्व नष्ट केलं, तरीही तेल मुडदूस बरा करत राहिलं. म्हणजे तेलात आणखी काहीतरी होतं. अ, ब, क ही नावं आधीच दिलेली होती, म्हणून या नव्या घटकाला ‘ड’ म्हटलं गेलं. आपण औषधाच्या दुकानातून ज्या गोळ्या आणतो, त्यांचा शोध त्या पिल्लांच्या वाकलेल्या पायांतून लागला आहे. माणसांच्या लाखो मुलांचे पाय ज्यांच्यामुळे सरळ राहिले, त्या पिल्लांच्या जातभाईंना आपण आजही दूध-पोळीवर वाढवावं, हे मला सहन होत नाही.

उन्हाचं काय? मुलांच्या बाबतीत ऊन खरंच काम करतं. त्याच १९१९ साली बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी अतिनील किरणांच्या दिव्याखाली बसवून मुलांचा मुडदूस बरा केला. आपल्या कातडीत कोलेस्टेरॉलच्या कुळातला एक पदार्थ असतो, त्यावर ते किरण पडले की ड जीवनसत्त्व तयार होतं. म्हणून बाळाला कोवळ्या उन्हात ठेवण्याची आपल्याकडची रीत मुळात शहाणपणाचीच आहे.

कुत्र्याच्या कातडीत मात्र तो पदार्थ जवळजवळ नसतो. हॉलंडमधल्या उट्रेख्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९४ मध्ये कुत्र्या-मांजरांच्या आणि उंदरांच्या कातडीवर सारखेच किरण टाकून पाहिले. उंदराच्या कातडीत ड जीवनसत्त्व भरपूर वाढलं. कुत्र्याच्या आणि मांजराच्या कातडीत म्हणावा असा फरक पडला नाही. याचं कारण बहुधा त्यांच्या पूर्वजांच्या खाण्यात आहे. शिकार फाडून यकृत आणि चरबी खाणाऱ्या जनावराला हे जीवनसत्त्व तयार मिळत होतं, मग ते अंगात बनवण्याची गरज राहिली नाही. तेव्हा आपल्या कुत्र्यासाठी ड जीवनसत्त्व यायला एकच वाट आहे, तोंडाची. अंगणातलं ऊन त्याला आवडतं, त्याला बसू द्या. हाडांचा हिशेब मात्र वाडग्यातच करायला हवा.

तर चला, काकांचं वाडगं हिशेबाला घेऊ. साधारण पाव लिटर गाईचं दूध आणि मध्यम आकाराच्या दोन-तीन पोळ्या, म्हणजे पासष्ट ग्रॅमच्या आसपास कणीक. यातलं पाणी काढून टाकलं तर उरतं नव्वदेक ग्रॅम कोरडं अन्न. त्यात प्रथिनं पंधरा ग्रॅम, म्हणजे १७ टक्के. वाढत्या पिल्लाला कोरड्या वजनाच्या किमान २२.५ टक्के लागतात असं अमेरिकेतल्या आफ्को संस्थेचं मानक सांगतं. मोठ्या कुत्र्यासाठी ते १८ आहे. म्हणजे हे वाडगं मोठ्या कुत्र्यालाही थोडं अपुरंच.

कॅल्शियमचा हिशेब याहून वाईट. दुधातून सुमारे तीनशे मिलिग्रॅम, कणकेतून वीस-पंचवीस. एकूण कोरड्या वजनाच्या ०.४ टक्क्यांहूनही कमी. पिल्लाला हवं किमान १.२ टक्के. दूध म्हणजे कॅल्शियम असं आपल्या मनात इतकं पक्कं आहे की दुधाचं वाडगं कॅल्शियमला तिपटीने कमी पडेल यावर विश्वास बसत नाही. पण कुत्रीचं दूध गाईच्या दुधापेक्षा कितीतरी दाट असतं. त्यात प्रथिनं आणि चरबी दोन्ही दुप्पट किंवा त्याहून जास्त, कॅल्शियमही जास्त, आणि साखर मात्र कमी. गाईचं दूध वासराच्या वाढीसाठी आहे. वासरू पिल्लाच्या मानाने सावकाश वाढतं.

तिसरी गोष्ट फॉस्फरसची. पिल्लाच्या खाण्यात कॅल्शियम फॉस्फरसच्या बरोबरीचं किंवा त्याहून जास्त हवं, दुपटीपर्यंत. या वाडग्यात उलटं झालंय, कारण कणकेत फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नाममात्र. त्यात कणकेतला बराचसा फॉस्फरस फायटिक आम्लाच्या रूपात असतो आणि ते आम्ल आतड्यात कॅल्शियम धरून ठेवतं. हेही मेलनबींच्या प्रयोगशाळेतूनच पुढे आलं. सगळ्या धान्यांत ओट सर्वात जास्त मुडदूस आणतात हे त्यांना सुरुवातीलाच दिसलं होतं. त्याचं कारण फायटिक आम्ल, हे त्यांनी सहकाऱ्याबरोबर १९३९ मध्ये मांडलं. मागे काही वाचकांनी पोळीऐवजी नाचणीची भाकरी सुचवली होती. नाचणीत शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, गव्हाच्या कितीतरी पट. पण फायटिक आम्ल तिच्यातही आहे. नाचणी बरी, तरी ती एकटी पिल्लाला पुरणार नाही.

आणि ड जीवनसत्त्व? साध्या दुधात ते अगदी थोडं, कणकेत शून्य. कॅल्शियम कमी, त्याला आत घेणारं जीवनसत्त्वही कमी. मग रक्तातलं कॅल्शियम टिकवण्यासाठी शरीर हाडांतून ते काढायला लागतं आणि ज्या हाडांवर पिल्लाचं रोज वाढतं वजन पडतंय तीच मऊ होत जातात.

मग सिरप का नको? कॅल्शियम कमी आहे हे तर मीच दाखवलं. पण सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाचं आतडं जास्तीचं कॅल्शियम अडवू शकत नाही. मोठं कुत्रं गरजेपुरतं घेतं आणि बाकीचं सोडून देतं. पिल्लू मात्र समोर आलेल्यातलं निम्म्याच्या आसपास घेतच राहतं. उट्रेख्टमध्येच १९८५ साली ग्रेट डेनच्या पिल्लांवर हे तपासलं. ज्यांच्या खाण्यात १.१ टक्के कॅल्शियम होतं ती नीट वाढली. ज्यांना ३.३ टक्के दिलं त्यांच्या सांध्यांतल्या कूर्चा बिघडल्या. म्हणून मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी आफ्कोने वरची मर्यादाही घातली आहे, १.८ टक्के. कमी चालत नाही आणि जास्तही चालत नाही. बाटलीच्या झाकणाने मोजून ही मधली जागा सापडत नाही. त्यासाठी मुळातलं खाणंच बदलावं लागतं.

याच ओघात एक धोक्याची सूचना. आपल्याकडे माणसांसाठी ड जीवनसत्त्वाच्या ६०,००० युनिटच्या पुड्या आणि कॅप्सूल घरोघरी असतात, आठवड्याला एक. साडेतीन महिन्यांच्या लॅब्राडॉरची दिवसाची किमान गरज दीडशे युनिटच्या घरात आहे. एक पुडी म्हणजे त्याची चारशे दिवसांची गरज एका घोटात. दहा-बारा किलोच्या पिल्लाला तेवढ्याने विषबाधा होऊ शकते. उलट्या, खूप तहान, पुढे मूत्रपिंडाला इजा. पिल्लाने पुडी फाडलेली दिसली तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा. आणि मनाने देऊ तर कधीच नका.

आता करायचं काय?

पहिलं, पाय बघा. घरातल्या गुळगुळीत फरशीवर निरोगी पिल्लाचेही पाय फाकतात, त्यामुळे फसायला होतं. सतरंजी अंथरा, पिल्लाला तिच्यावर उभं करा आणि समोरून जमिनीलगत नजर आणून पाहा. पुढच्या पायाचं मनगट फुगलेलं आहे का? पंजे बाहेर वळलेत का? मनगट खाली टेकून पंजा पसरट पडतो का? हात लावल्यावर पिल्लू कुं कुं करतं का, जिना चढायला नकार देतं का? यातलं काहीही दिसलं तर एक्स-रे. मऊ हाडं पटकन मोडतात, म्हणून तोवर उड्या, जिने आणि लांब फिरणं बंद.

दुसरं, मुख्य खाणं बदला. पिल्लांच्या वाढीसाठी बनवलेलं संपूर्ण खाद्य, आणि जात मोठी असेल तर मोठ्या जातींच्या पिल्लांसाठीचं. आठ-दहा दिवसांत हळूहळू दूध-पोळी कमी करत ते वाढवत न्या. काकांचं घर शाकाहारी आहे, त्याचा मान राखूनही हे जमतं. शाकाहारी कोरडं खाद्य बाजारात मिळतं. फक्त पाकिटावर ते वाढत्या पिल्लांसाठी आहे असं लिहिलेलं हवं. मोठ्या कुत्र्यांसाठीचं आणलं तर अडचण तशीच राहील. घरीच शिजवायचं असेल तर पशुआहार शिकलेल्या डॉक्टरांकडून ग्रॅममध्ये लिहिलेली कृती घ्या, सोबत खनिजं आणि जीवनसत्त्वांची भुकटी, आणि तिच्यात आपल्या मनाने अदलाबदल करू नका.

ज्यांच्या घरी चालतं त्यांनी उकडलेलं अंडं जरूर द्यावं, प्रथिनांसाठी ते उत्तम. पण एका अंड्यात ड जीवनसत्त्व चाळीसेक युनिटच, हे लक्षात ठेवा. किनाऱ्यावरच्या वाचकांचं नशीब याहून चांगलं. उकडलेली तारली त्या मानाने कितीतरी जास्त देते. हर्णैच्या बंदरावर लिलाव आटोपल्यावर टोपलीतून सांडलेल्या तारल्या कुत्री डोक्यासकट गिळतात ते मी पाहिलंय. तिथली हडकुळी, खरजेली कुत्रीसुद्धा मी पायावर सरळ उभी पाहिली आहेत.

आणि दूध-पोळी? जुलाब होत नसतील तर दिवसाच्या खाण्याच्या दहाव्या हिश्शाएवढी राहू द्या. नातीच्या हातून मिळणारा तो घास पिल्लाला हवाच असतो.

शेवटची गोष्ट, भरवण्याची घाई करू नका. पाय सुधारेपर्यंत काकांच्या पिल्लाच्या बरगड्या बोटांना सहज लागायला हव्यात. मेलनबींची गुटगुटीत पिल्लं आधी वाकली होती, ते वाढीच्या याच घाईमुळे.

पुढच्या रविवारी पाकिटामागचा मजकूर नक्की. तुमच्या घरातलं पाकीट टाकून देऊ नका. कॅल्शियम आणि फॉस्फरसचे आकडे छापलेत का ते आधीच शोधून ठेवा. आज केला तसा हिशेब आपण त्या आकड्यांवर करणार आहोत. काका, तुम्ही मात्र एक्स-रेमध्ये काय निघालं ते त्याआधीच कळवा.