गांजा सोडल्यावर काय होते : गैरसमज आणि वस्तुस्थिती

रोज गांजा ओढणाऱ्याने तो एकाएकी बंद केला, की एक ते तीन दिवसांत त्रास जाणवू लागतो. चिडचिड, अस्वस्थपणा, झोप उडणे, भूक मरणे आणि उदासी ही मुख्य लक्षणे. काहींना घाम सुटतो, थंडी वाजते, डोके किंवा पोट दुखते, हात कापतात. पहिल्या आठवड्यात जोर सर्वाधिक असतो, दुसऱ्याच्या अखेरीस तो बराच ओसरतो. झोपेची घडी बसायला मात्र महिना, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो.

‘गांजाची सवय लागते, व्यसन लागत नाही’ हा याबाबतचा सर्वांत जुना समज. त्यासाठी साधू-बैराग्यांचे उदाहरण दिले जाते आणि वाचन असलेली मंडळी १८९३-९४ च्या हेम्प ड्रग्ज कमिशनचा दाखला देतात. अहमदनगरसारख्या जिल्ह्यात परवान्याने गांजा पिकत असे, त्या काळातला हा ब्रिटिश आयोग. त्याने हजाराहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि बेताच्या सेवनाने सहसा फारसे नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढला. दाखला देताना ‘बेताच्या’ हा शब्द सोयीने गळतो. अतिसेवन घातक असल्याचे आयोगानेही म्हटले होते, आणि ही सवय सुटायला अवघड आहे का, हा प्रश्न साक्षीदारांना मुद्दाम विचारला होता. गांजातले नशा आणणारे मुख्य द्रव्य, टीएचसी, शुद्ध रूपात वेगळे झाले ते १९६४ मध्ये. मेंदूवर ते कुठे काम करते याचा उलगडा त्यानंतर दोन तपांनी झाला. म्हणजे या विषयात आयोगाला शेवटचा शब्द मानण्यात अर्थ नाही. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीत गांजा सोडल्यावरच्या त्रासाला स्वतंत्र निदान म्हणून जागा मिळाली. २०२० मध्ये ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा नियमित सेवन करणाऱ्यांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हा त्रास झाल्याचे दिसले. निम्म्यांहून थोड्या अधिकांना तो झाला नाही, आणि ‘मी तर सहज सोडला’ हे त्यांचे सांगणेही खोटे नसते. ते इतरांना लागू पडत नाही, एवढेच.

याच्या उलट टोकाचा समज सिनेमाने पसरवला आहे : सोडणारा तळमळेल, त्याला बांधून ठेवावे लागेल. अशी ‘टर्की’, म्हणजे नशा तुटल्यावरची तळमळ, गर्दची असते. रोज खूप दारू पिणाऱ्याने ती अचानक थांबवली तर फिट येऊ शकते, जिवावरही बेतू शकते. निव्वळ गांजा सोडल्याने असे होत नाही. त्यामुळे बहुतेकांना तो घरी राहूनच सोडता येतो.

सर्वांत महागात पडणारा गैरसमज झोपेचा आहे. चार दिवस बंद ठेवले, रात्र-रात्र डोळ्याला डोळा लागला नाही, पाचव्या रात्री दोन झुरके मारले आणि गाढ झोप लागली. मग माणूस ठरवतो, की आपल्याला मुळात निद्रानाश आहे आणि गांजा हे त्यावरचे औषध आहे. प्रत्यक्षात टीएचसी रोज मिळत राहिले, की मेंदूतली त्याची ग्राहके (रिसेप्टर) संख्येने कमी होतात. सोडल्यावर दोनच दिवसांत ती वाढू लागतात आणि साधारण चार आठवड्यांत पूर्ववत होतात. मधल्या काळातली जाग ही या दुरुस्तीची खूण आहे. पाचव्या रात्रीच्या झुरक्याने दुरुस्तीच मागे पडते. स्वप्नांचेही तसेच. गांजामुळे दबलेली स्वप्नांची झोप उसळून परत येते, तेव्हा विलक्षण स्पष्ट, कधी भीतिदायक स्वप्ने पडतात. डोके फिरल्याचे ते लक्षण नाही. काही आठवड्यांत ती निवळतात. दुपारची झोप टाळणे, संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद ठेवणे आणि रोज ठरावीक वेळी उठणे यांचा खरा उपयोग होतो. दुकानातून आणलेल्या झोपेच्या गोळ्यांचा मार्ग धोक्याचा, कारण त्यांतल्या अनेकांचे व्यसन गांजापेक्षा सोडायला कठीण असते. गांजाऐवजी भांग घेणे तर निव्वळ फसवणूक. द्रव्य तेच, वाट पोटातून.

घरच्यांचा गैरसमज वेगळा असतो. मुलगा आठवडाभर ताटावरून उठतो, क्षुल्लक कारणावरून खेकसतो. घरात निष्कर्ष निघतो, की हा अजून चोरून ओढतोय. अनेकदा तो खरोखर थांबलेला असतो आणि नेमक्या याच दिवसांत त्याच्या खिशांची झडती सुरू होते. हे दिवस अवघड जाणार, याची कल्पना घरच्यांना आधी दिली तर निम्मी भांडणे टळतात.

भारतात गांजा चिलमीत किंवा सिगारेटीत तंबाखू मिसळून ओढण्याची रीत मोठी आहे. त्यामुळे एकाच वेळी दोन गोष्टी सुटतात आणि चिडचिडीचा बराच भाग निकोटिनचा असतो. गांजा सोडून सिगारेट चालू ठेवली, की पेटवण्याची क्रिया गांजाची तलफ जागी करते. निकोटिनचे च्युइंगम किंवा पट्टी डॉक्टरांना विचारून वापरता येते. गांजाच्या तलफेवर मात्र असे मान्यताप्राप्त औषध अजून नाही. उपयोग होतो तो समुपदेशनाचा.

लिंबूपाणी, ताक, भरपूर घाम काढणे यांनी गांजा ‘धुतला’ जात नाही. टीएचसी चरबीत साठते आणि त्याचे अवशेष रोज ओढणाऱ्याच्या लघवीत महिनाभर, कधी अधिकही सापडतात. नशा मात्र केव्हाच उतरलेली असते.

काही लक्षणे सोडण्याच्या त्रासात मोडत नाहीत. नसलेले आवाज ऐकू येणे, कुणीतरी मागावर आहे असा ठाम संशय, जीव देण्याचे विचार दिसले तर त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. वर्षानुवर्षे ओढणाऱ्यांत वारंवार उलट्या होऊन गरम पाण्याच्या अंघोळीनेच बरे वाटण्याचा एक विकारही असतो. त्यावर गांजा घेणे हा उपाय नव्हे, ते त्याचे कारण आहे.

‘दवाखान्यात गेलो तर प्रकरण पोलिसांत जाईल’ ही भीती छोट्या गावात जास्त. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाच्या सेवनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकते. पण त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतले तर त्याच्यावर खटला चालत नाही; उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात आहे.

महाराष्ट्रात पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचे काम करत आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते सुरू केले. तमिळनाडूत, तंजावर-कुंभकोणम पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांना मात्र इतके दूर यायची गरज नाही. त्याच पट्ट्यातल्या पापनाशमहून सुमारे पंचवीस किलोमीटरवर तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक देशभर निःशुल्क आहे आणि तिथे तमिळप्रमाणे मराठीतही बोलता येते.