पाळणाघरातील दिवास्वाप : अर्धी राहिलेली प्रश्नपरीक्षा

बालकाच्या निद्रेविषयीच्या तक्रारी आपल्या चिकित्सेत नवीन नाहीत. तथापि त्यांचे स्वरूप आता पालटले आहे. पूर्वी मुलाला घेऊन आजी येत असे. दिवसभर मूल तिच्याच दृष्टीसमोर असल्याने ते काय जेवले, केव्हा झोपले, मलप्रवृत्ती कशी झाली, हे सर्व तीच सांगे. आज मूल दिवसाचे नऊ-दहा तास पाळणाघरात असते. चिकित्सालयात येणाऱ्या मातेला अर्ध्या दिवसाचा वृत्तांत ठाऊक नसतो आणि ज्या मावशींना तो ठाऊक असतो, त्या आपल्यासमोर कधीच येत नाहीत. अशा वेळी प्रश्नपरीक्षा अर्धी राहिली की काय घडते, याचे उदाहरण माझ्याच चिकित्सेतील आहे.

एक वर्ष दहा महिन्यांचा मुलगा. मातापिता दोघेही नोकरी करणारे. रात्री साडेअकरापर्यंत झोपत नाही, सकाळी साडेसहाला उठवावे लागते, दिवसभर चिडचिड आणि मलावष्टंभ, अशी तक्रार होती. मी पादाभ्यंग व रात्री कोमट दुधातून किंचित जायफळ असे सांगून मोकळा झालो. पंधरा दिवसांनी माता परत आली. झोपेत काही फरक नव्हता आणि मलावष्टंभ मात्र वाढला होता. तेव्हा कोठे मी दुपारच्या झोपेची वेळ विचारली. दीड ते साडेचार! "लवकर उठवा म्हटलं तर मावशी ऐकत नाहीत," असे माता काहीशा रागाने म्हणाली.

मी तिच्या संमतीने मावशींना दूरध्वनी केला. त्यांनी काहीही न लपवता सांगितले, "जेवण झालं की सगळ्यांनाच जायफळाचे दोन-दोन वेढे देते. शांत झोपतात. आमची आईसुद्धा द्यायची." म्हणजे दुपारी त्यांचे आणि रात्री माझे, असे दुहेरी जायफळ त्या बालकाच्या पोटात जात होते. जायफळाचा ग्राही गुण आपण सर्वच जाणतो. सहाणेवरचा वेढा हे मापही हाताच्या जोरावर आणि दगडाच्या खरखरीतपणावर अवलंबून असते. वाढत्या मलावष्टंभाचे कारण माझ्याच औषधपत्रात होते. ही माझी चूक येथे नोंदवून ठेवतो.

मावशींना दोष देणे सोपे आहे. त्यांच्या एका खोलीत आठ मुले असतात. एक जागे होऊन रडू लागले की आणखी दोन उठतात. स्वतःचे जेवण, भांडी आणि ओले कपडे हे सारे त्या दुपारच्या दोन तासांतच उरकायचे असते. "आमच्या मुलाला तीनला उठवा" हा मातेचा निरोप त्यांच्या दृष्टीने साऱ्या खोलीची झोप मोडण्याचा हुकूम ठरतो. हे समजून न घेता दिलेले पथ्य पाळले जाणार नाही.

आता शास्त्राकडे पाहू. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात दिवास्वापाचा सामान्यतः निषेध केला असला, तरी ज्यांना तो सर्व ऋतूंत विहित आहे त्यांत बालकाचा स्पष्ट समावेश केला आहे. त्यामुळे "दुपारी झोपूच देऊ नका" हा काही घरांतून दिला जाणारा सल्ला अशास्त्रीय आहे. निद्रा हा अधारणीय वेग आहे, हेही विसरता येत नाही. त्याच एकविसाव्या अध्यायात निद्राजनक उपाय सांगताना अभ्यंग, स्नान, दूध यांच्याबरोबरच सुखकर शय्या, योग्य निवास आणि सवयीची वेळ यांचा उल्लेख येतो. या शेवटच्या उपायाकडे आपले सर्वाधिक दुर्लक्ष होते, असे माझे मत आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार एक ते दोन वर्षांच्या बालकास अहोरात्र मिळून ११ ते १४ तास झोप हवी. आपल्या रुग्णाची झोप रात्री ७ आणि दुपारी ३, म्हणजे अवघी १० तास होती. मूल अतिनिद्र नव्हतेच. रात्री बुडालेली झोप ते दुपारी भरून काढीत होते आणि जायफळ त्यात भर घालीत होते. दुपारची झोप एकदम तोडली असती तर केवळ वेगधारण घडले असते.

म्हणून प्रथम दोन्ही वेळचे जायफळ बंद केले. त्यानंतर चरकाने सातव्या अध्यायात सात्म्य झालेल्या गोष्टी सोडण्यासाठी सांगितलेला पादांशिक क्रम वेळेला लावला. पाळणाघरातील जेवण व झोप दर तीन दिवसांनी पाव तास अलीकडे आणली. घरी रात्रीचे जेवण साडेनऊवरून आठला आले. त्यानंतर दूरदर्शन संच बंद, मंद दिवा आणि पादाभ्यंग. मावशींशी ठरले ते असे : मुलाचे अंथरूण दाराजवळ घालावे आणि ठरल्या वेळी त्याला न उचलता दार अर्धे उघडून उजेड येऊ द्यावा. एका छोट्या वहीत माता व मावशी या दोघींनीही जेवण, झोप आणि मलप्रवृत्तीच्या वेळा लिहाव्यात. मावशींवर पाळत ठेवण्यासाठी ही वही नाही, हे मातेला दोनदा सांगावे लागले. पहिला आठवडा सर्वांनाच जड गेला. चौथ्या आठवड्यात मूल रात्री साडेनऊला झोपू लागले, दुपारची झोप साडेबारा ते अडीच अशी स्थिरावली आणि मलावष्टंभही गेला.

निद्रानाशाच्या बालरुग्णात घोरणे, तोंडाने श्वास घेणे वा झोपेत श्वास अडखळणे आढळल्यास वेळापत्रकाच्या खटपटीत न पडता कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. पाळणाघरातून आलेले मूल एकाएकी फार सुस्त दिसल्यास तेथे काय दिले गेले, हे त्याच दिवशी विचारावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक विनंती आहे. मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या स्त्रिया एके काळी तान्ह्या मुलांना अफूच्या बाळगोळ्या देऊन झोपवीत. अफू गेली, गरज मात्र तीच राहिली. जायफळ किंवा बाळगुटी नेहमीपेक्षा अधिक प्रमाणात नेणाऱ्या ग्राहकाला ती किती मुलांसाठी व कोणाच्या सल्ल्याने नेत आहात, एवढे विचारावे. सर्दीखोकल्याची गुंगी आणणारी पातळ औषधे झोपेसाठी म्हणून तर कदापि देऊ नयेत. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील बालकांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापण्याचा आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिला. प्रोमेथाझिन तर श्वसन मंदावण्याच्या धोक्यामुळे दोन वर्षांखालील बालकास वर्ज्यच आहे.

त्या पाळणाघरात आता कोणालाच जायफळ दिले जात नाही. परिणामी दोन मुले दुपारी झोपेनाशी झाली आहेत. मावशींनी त्यांच्यासाठी स्वयंपाकघराच्या दाराशी चटई आणि चित्रांची पुस्तके ठेवली आहेत. त्यांतील मुलीला साडेतीन वर्षे पूर्ण झाली आहेत. तिची रात्रीची झोप अकरा तासांची असल्याने तिला दिवास्वापाची गरज उरलेली नसावी. दुसऱ्या मुलाच्या मातेने वही लिहायला नुकताच प्रारंभ केला आहे.