चुकून गेलेला ई-मेल : परतीची मर्यादा आणि पूर्वदक्षता

कागदी पत्र जावक नोंदवहीत चढून टपालात पडेपर्यंत दोन-तीन हातांखालून जात असे. तेवढ्या अवधीत पत्त्याची किंवा सहपत्राची चूक बहुधा ध्यानात येई. ई-मेलने हा अवधी नाहीसा केला आहे. त्यामुळे पाठविलेले पत्र परत घेता येते काय, हा प्रश्न कार्यालये, शाळा व ग्रामपंचायती या सर्वांनाच पडतो.

पत्र हातातून केव्हा सुटते?

ई-मेल प्रेषकाच्या सर्व्हरवरून प्राप्तकर्त्याच्या सर्व्हरकडे जातो. या देवघेवीचे ‘एसएमटीपी’ नावाचे नियम १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. दुसऱ्या सर्व्हरने पत्र स्वीकारले की पुढील जबाबदारी त्याची होते. दिलेले पत्र परत मागण्याची कोणतीही आज्ञा या नियमांत नाही. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ चा आशयही याच्याशी जुळतो. उभयपक्षी वेगळे ठरले नसेल, तर प्रेषकाच्या नियंत्रणाबाहेरील संगणकीय साधनात अभिलेख शिरला की तो रवाना झाला, असे हे कलम मानते.

‘अनडू सेंड’चे खरे स्वरूप

जीमेलमध्ये २०१५ पासून सर्वांना उपलब्ध असलेली ‘अनडू सेंड’ ही सोय गेलेले पत्र परत आणीत नाही. ती पत्राला काही सेकंद दारातच थांबवून धरते. हा अवधी ५, १०, २० किंवा ३० सेकंदांचा ठेवता येतो. मुळात तो ५ सेकंदांचाच असल्याने सेटिंगमध्ये जाऊन ३० सेकंद करून घेणे श्रेयस्कर. आउटलुकच्या संगणकावरील जुन्या स्वरूपात नियम करून पत्र १२० मिनिटांपर्यंत रोखून ठेवता येते. त्यातील ‘रिकॉल’ची सोय मात्र प्रेषक व प्राप्तकर्ता एकाच संस्थेच्या मायक्रोसॉफ्ट व्यवस्थेत असतील तरच उपयोगी पडते. बाहेरच्या पत्त्यावर गेलेल्या पत्रावर तिचा इलाज चालत नाही.

एका चुकीची किंमत

२० सप्टेंबर २०२१ रोजी ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने, अफगाणिस्तानातून सुटकेस पात्र असलेल्या व्यक्तींना एक सामूहिक ई-मेल पाठविला. पत्ते ‘बीसीसी’ऐवजी ‘टू’ या रकान्यात घातले गेल्याने २४५ जणांचे पत्ते परस्परांना दिसले. दोघांनी ‘रिप्लाय ऑल’ने उत्तर दिले व त्यांपैकी एकाने आपला ठावठिकाणाही त्यात कळविला. ही माहिती तालिबानच्या हाती पडती, तर प्राणांवर बेतले असते. डिसेंबर २०२३ मध्ये तेथील माहिती आयुक्तांच्या कार्यालयाने मंत्रालयास ३,५०,००० पौंड दंड केला. चूक केवळ एका रकान्याची होती!

पूर्वदक्षता

आपल्याकडेही लाभार्थ्यांचे बँक खाते क्रमांक, विद्यार्थ्यांची माहिती व गोपनीय अहवाल ई-मेलने जातात. म्हणून पुढील पथ्ये पाळावीत :

१. प्रथम मजकूर व सहपत्र तयार करावे. पत्ता सर्वांत शेवटी घालावा.

२. दोन अक्षरे टाइप करताच संगणक सुचवितो तो पत्ता पूर्ण वाचल्याविना स्वीकारू नये.

३. परस्परांशी संबंध नसलेल्या अनेकांना पत्र पाठविताना पत्ते ‘बीसीसी’मध्येच असावेत. ‘रिप्लाय ऑल’ अपवादानेच वापरावे.

४. सहपत्र जोडल्यावर ते उघडून पाहावे.

५. संवेदनशील यादी संकेतशब्दाने बंद करावी. संकेतशब्द त्याच ई-मेलमध्ये न देता दूरध्वनीवरून कळवावा.

चूक झालीच तर

सोय उपलब्ध असल्यास पत्र तत्काळ रोखावे. ते निघून गेले असल्यास प्राप्तकर्त्याशी दूरध्वनीवर बोलून पत्र न उघडता नष्ट करण्याची विनंती करावी. वरिष्ठांना त्याच दिवशी लेखी कळवावे. ज्यांची माहिती उघड झाली त्यांनाही सावध करावे, कारण संभाव्य हानी त्यांची असते. केवळ मजकुरात चूक असेल, तर विषयात ‘सुधारित’ असा स्पष्ट उल्लेख करून नवे पत्र पाठवावे.

चूक लपविण्यात गेलेला प्रत्येक तास हानी वाढवितो. चूक कळविणाऱ्या कर्मचाऱ्यास धीर देणे हे कार्यालय प्रमुखाचे कर्तव्य आहे. जावक नोंदवहीने पूर्वी दिलेला विचाराचा अवधी आता प्रत्येकाने स्वतःच राखावयाचा आहे. तीस सेकंदांच्या विलंबाने कोणतेही काम अडत नाही. जनतेचा विश्वास मात्र राखला जातो.