वक्षदर्शक शस्त्रक्रिया आणि आसंजनांचा प्रश्न

छातीवरील शस्त्रक्रिया लहान छिद्रांतून करण्याची पद्धती अलीकडच्या यंत्रयुगाची देणगी मानली जाते. तिचा उगम मात्र क्षयचिकित्सेत आहे. स्टॉकहोमचे वैद्य हान्स क्रिस्टियन याकोबेउस यांनी मूत्राशय तपासण्याची दुर्बीण फुप्फुसावरणाच्या पोकळीत घालून पाहिली व १९१० साली तो अनुभव प्रसिद्ध केला. त्या काळी इटलीतील फोर्लानीनी यांच्या पद्धतीनुसार छातीत हवा भरून रोगग्रस्त फुप्फुस मिटवीत. परंतु फुप्फुसास छातीच्या भिंतीशी जखडणारे तंतुमय पट्टे, म्हणजेच आसंजने, असली की ते मिटत नसे. याकोबेउस यांनी एका छिद्रातून दुर्बीण व दुसऱ्यातून विद्युत्तप्त तार घालून हे पट्टे तोडण्यास आरंभ केला. पुढे स्ट्रेप्टोमायसीन आदी औषधे रूढ झाली आणि ही दुर्बीण बहुतांशी निदानापुरती उरली.

१९९० च्या सुमारास तिला लहान कॅमेरा जोडला गेला आणि एकाच डोळ्यास दिसणारे दृश्य पडद्यावर सर्व सहकाऱ्यांस दिसू लागले. उदरात वायू भरून जागा करावी लागते. छातीत बरगड्यांचा ताठ पिंजरा असल्याने एका फुप्फुसाचा श्वास थांबविला की बहुधा पुरेशी जागा होते. लाभ केवळ व्रणाच्या लांबीचा नव्हे. छाती उघडताना बरगड्या फाकवाव्या लागतात, त्यांलगतचे मज्जातंतू दुखावतात व वेदना कधी महिनोन्‌महिने टिकते. ब्रिटनमधील नऊ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या व २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आरंभीच्या कर्करोगासाठी फुप्फुसखंड काढल्यावर पाच आठवड्यांनी दुर्बीण-गटाची शारीरिक क्षमता अधिक आढळली.

भारतात मात्र जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहतो. क्षयाने मागे ठेवलेली घट्ट आसंजने हीच आता दुर्बिणीच्या मार्गातील मोठी अडचण होय. छातीत पू साठला असता दुसऱ्या अवस्थेत, जाळी मऊ असताना, दुर्बिणीने ती सहज काढता येते. तिसऱ्या अवस्थेत फुप्फुसावर जाड साल बसते व ती सोलणे कुशल हातांसही कठीण जाते. म्हणून रुग्ण शल्यचिकित्सकाकडे कधी पोहोचतो, यास यंत्राच्या नवेपणाहून अधिक महत्त्व आहे. रक्तस्राव न आवरल्यास छाती उघडणे हे अपयश नव्हे. तशी संमती आधी घेऊन व हत्यारे मांडूनच शस्त्रक्रियेस आरंभ करावयाचा असतो.