चेक लाइटची गोष्ट – 9 : कल्हई उडालेल्या पिना

ऑक्सिजन सेन्सरचं कबूल केलं होतं, पण त्याला आज थांबावं लागेल. कऱ्हाडहून एका वाचकाचं पत्र आलंय आणि ते वाचल्यापासून माझे हात शिवशिवताहेत. 2011 ची पेट्रोल गाडी, स्कॅनरवर पी 0118, म्हणजे कूलंट टेंपरेचर सेन्सरचा कोड. वर्षभरात दोन नवे सेन्सर बसवून झाले. दर वेळी पंधरा-वीस दिवस सुखाचे जातात, मग दिवा पुन्हा हजर. ‘आता ईसीयू बदला म्हणतात, बदलू का?’

मुळीच नको.

या कोडच्या नावात ‘हाय’ आहे आणि तिथेच पुष्कळ मिस्त्री फसतात. इंजिन तापतंय असं समजून थर्मोस्टॅट काढून टाकतात. हाय आहे ते व्होल्टेज. ईसीयू म्हणजे इंजिन चालवणारा संगणक. तो या सेन्सरला 5 व्होल्ट पुरवतो. सेन्सर गार असला की रोध जास्त, तापला की कमी. वायर तुटली किंवा पिन सुटली की ईसीयूला पूर्ण 5 व्होल्ट दिसतात, आणि त्याच्या लेखी ती कडाक्याची थंडी. स्कॅनरवर बहुधा आकडा येतो उणे 40, कारण त्याखाली आकडाच नाही. मे महिन्यात, कऱ्हाडात! ईसीयूलाही हे पटत नाही. तो दिवा लावतो आणि खबरदारी म्हणून रेडिएटरचा पंखा फिरवत ठेवतो.

माझ्या जुन्या हॅचबॅकने मला याच कोडवर आठ महिने फिरवलं. शेवटी एका रविवारी गाडी फिरवून आणली, इंजिन बंद केलं, चावी ऑन ठेवली आणि स्कॅनर समोर घेऊन बसलो. 84. सेन्सरचा कपलर अंगठ्याने जरा तिरका केला : उणे 40. सोडला : 84. सेन्सर बिचारा ठणठणीत होता. कपलर उपसून भिंगाखाली धरला, तर मादी पिन जिथे टेकते नेमक्या त्या जागी मोहरीएवढा काळा डाग.

या पिना तांब्या-पितळेच्या, आणि वर कल्हई. होय, तीच कथलाची. पितळी पातेल्यात ताक कळकू नये म्हणून आजी करून घ्यायची ती. इंजिनाच्या थरथरीने पिना केसाच्या जाडीहूनही कमी अंतरात एकमेकींवर घासत राहतात. कल्हईचा कण निघतो, हवेने काळा पडतो, खालचा उघडा होतो, तोही काळा पडतो. वर्षानुवर्षं. हेडलाइटच्या चार-पाच अँपिअरपुढे असला थर सहसा टिकत नाही. सेन्सरच्या तारेतून जेमतेम एक-दोन मिलिअँपिअर जातात. त्यांना तो ओलांडवत नाही.

आता त्या पंधरा-वीस दिवसांचं गणित सुटलं ना? नवा सेन्सर बसवताना कपलर निघतो आणि पुन्हा बसतो. तेवढ्या घासण्याने मादी पिनेवरचा काळा थर पुसला जातो. दिवा विझतो तो त्यामुळे, श्रेय मात्र सेन्सरला.

तेव्हा कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, लहान ब्रश फिरवा. मादी पिन ढिली वाटली तर वायरमनकडून नवी टाकून घ्या. पॉलिश पेपर मात्र लावू नका. उरलीसुरली कल्हईही जाते.

आणि कऱ्हाडकर, काढलेले दोन्ही सेन्सर फेकले नसतील तर एक करा. मल्टिमीटर लावून आधी कोरडे मोजा, मग टोक उकळत्या पाण्यात बुडवून मोजा (स्वयंपाकातलं पातेलं नको). बहुतेक गाड्यांत गार असताना दोनेक किलोओहम आणि उकळत्यात दोनशे ओहमच्या आसपास येतात. जे आकडे येतील ते मला कळवा. दोन्ही सेन्सर चांगले निघतील, अशी माझी पैज.